कामाशिवायचं एक वाक्य

मी ज्या रिसॉर्टमध्ये खोल्या आवरते, तिथे शिरल्या शिरल्या भिंतीवर माझा आणि माझ्या नवऱ्याचा एक भला मोठा फोटो टांगलेला आहे. मागे आमचं भाताचं खाचर, त्यापलीकडे मुळशी धरणाचं पाणी. मला नऊवारी नेसवली आहे, जी मी जन्मात दोनदाच नेसले, एकदा लग्नात आणि एकदा या फोटोसाठी. नवरा माझ्या कानाशी वाकून काहीतरी सांगतोय आणि मी हसतेय. खाली वळणदार अक्षरात लिहिलंय, 'प्रेम इथे शेतात पिकतं.' पुण्याहून येणारे पाहुणे फोटोसमोर थांबतात. 'किती क्यूट ना,' म्हणतात. मी तेव्हा बादली-फडकं घेऊन शेजारूनच जात असते. गणवेशातल्या बाईच्या तोंडाकडे कोणी बघत नाही, त्यामुळे मला आजवर एकानेही ओळखलेलं नाही.

फोटो काढताना नवरा माझ्या कानात काय म्हणाला, ते आधी सांगून टाकते. तो म्हणाला, "म्हशीला पेंड टाकली का?"

फोटोग्राफरने त्याला सांगितलं होतं की दादा, ताईंच्या कानात काहीतरी गोड बोला, म्हणजे त्या छान हसतील. मी तीन दिवस आधीपासून त्या फोटोची वाट पाहत होते. मॅनेजरला गावातलं खरंखुरं जोडपं हवं होतं आणि मीच हात वर केला होता. नवऱ्याला तयार करायला दोन दिवस लागले. हे सगळं का, तर मी हिशेब मांडला होता की परक्या माणसाने फर्मावलं तर तरी हा माणूस माझ्याशी एक शब्द गोड बोलेल. शूटिंग म्हणून का होईना. तो वाकला, त्याचा श्वास कानाला लागला, माझ्या छातीत धडधडलं. चाळिशी ओलांडलेली, लग्नाची पोरगी असलेली बाई मी, पण धडधडलं. आणि मग ती पेंड आली. मला हसू आलं ते रडू येऊ नये म्हणून. फोटोग्राफर म्हणाला, 'परफेक्ट.'

माझं माहेर कोळवणच्या खोऱ्यातलं. बारावीपर्यंत शिकले, शाळेच्या कपाटातली सगळी पुस्तकं वाचून संपवली, आणि त्या पुस्तकांनी माझं जे नुकसान करायचं ते केलं. पुस्तकातले पुरुष बोलायचे. पानंच्या पानं बोलायचे. मला बघायला आला तेव्हा हा एकदाच वर बघून पुन्हा पोह्यांच्या बशीत बघत बसला. मी मनात म्हटलं, लाजाळू आहे. लाजाळू माणूस आतून फार गोड असतो, असं मला पुस्तकांनीच शिकवलं होतं. लग्न झाल्यावर दोन वर्षं मी त्याची लाज जायची वाट पाहिली. मग पोरगी लहान होती. मग पाच वर्षं वाटलं, दमतो बिचारा. मग सासू आजारी होती. शेवटी माझ्या लक्षात आलं की आत काही गोड साठवून ठेवलेलं नाहीये. नारळ हलवून बघितला, पाणी वाजलं नाही.

वाईट माणूस आहे का? नाही. दारू नाही, हात उगारणं नाही, बाहेरचं काही नाही. हे मी दहाजणींकडून ऐकलेलं आहे, पुन्हा कोणी ऐकवू नये. 'मारत तर न्हाई ना,' म्हणतात. म्हणजे मारत नाही याचं मी तोरण बांधायचं. तो माझ्याशी बोलतो, रोज बोलतो, पण त्याच्या प्रत्येक वाक्याला एक काम चिकटलेलं असतं. पाणी तापलं का, दार लावलं का, विळा कुटं हाय, उद्या दळण आण. एकवीस वर्षांत त्याने माझ्याशी ज्यात काम नाही असं एक वाक्य बोललेलं मला आठवत नाही. मी मुद्दाम आठवून पाहिलंय.

आणि माझं काम काय, तर दुसऱ्यांच्या प्रेमाची सजावट. लग्नाचा वाढदिवस असलेली जोडपी येणार असली की पलंगावर मी टॉवेलाचे दोन राजहंस करते, चोचीला चोच लावून. गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम काढते. नवऱ्याने आधी फोन करून सांगितलं असेल, तर पाकळ्यांनी बायकोचं नाव लिहिते. दुसऱ्या दिवशी त्याच पाकळ्या झाडून कचऱ्यात टाकते. तेव्हा तो नवरा बाहेर व्हरांड्यात ऑफिसच्या फोनवर असतो आणि ती आत एकटीच आरशासमोर फोटो काढत असते. मला काही भाबडेपणा राहिलेला नाही. पाकळ्यांत काय असतं ते मी झाडूने उचललंय. तरी मला हेवा वाटतो. खोटं का असेना, त्या माणसाने फोन उचलून कोणाला तरी सांगितलेलं असतं की माझ्या बायकोचं नाव लिहा.

फोटो काढला भाद्रपदात, भात पोटरीला आलं तेव्हा. तो भिंतीवर चढला दुसऱ्या वर्षीच्या आषाढात. त्याच दिवशी पोरीने तो स्टेटसला ठेवला. ती हिंजवडीत नोकरी करते, तिला कोणीतरी पाठवला असणार. खाली लाल बदाम, आणि 'माझे आईबाबा, असं प्रेम हवं.' मला फोन करून म्हणाली, "आई, बाबा किती रोमँटिक आहेत गं, मला माहीतच नव्हतं." मी म्हटलं, "मलाही नव्हतं." ती हसली. तिला वाटलं मी लाजले.

संध्याकाळी नवरा गोठ्यातून आला. मी त्याला मोबाइलवर फोटो दाखवला.

"बरा आलाय की," तो म्हणाला.

"तुमाला आठवतंय का, तवा तुमी कानात काय म्हणला व्हता?"

"काय?"

"म्हशीला पेंड टाकली का."

त्याने खरोखर विचार केला. कपाळाला आठी घालून. मग म्हणाला, "मग, टाकली व्हती का?"

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, ती मी त्या दिवशी पायरी पायरी चढत जाताना बघितली. मी पिशवी काढली, तीन साड्या आणि दोन गाऊन भरले. म्हटलं, "सकाळच्या गाडीनं मी कोळवणला चालले. माज्याशी ज्यात काम न्हाई असं एक वाक्य बोलायचं झालं, तर न्यायला या. एकच. दुसरं काय बी नको."

तो म्हणाला, "आवण तोंडावर आलंय."

आवण म्हणजे भाताची लावणी, आणि आवण तोंडावर असताना घरची बाई निघून जाणं हे आमच्याकडे घराला आग लावून जाण्यासारखंच. मला ते ठाऊक होतं. म्हणूनच गेले. इतर वेळी गेले असते तर महिनाभर त्याला कळलंही नसतं.

आमच्या वाडीत अजून सावड चालते. पाच घरच्या बाया मिळून एकेका घरचं खाचर लावतात. आज तुमच्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तुम्ही. मजूर लावून सावड फेडता येत नाही. ज्या घरात बाया येऊन वाकल्या, त्या घराचा हात त्यांच्या खाचरात वाकलाच पाहिजे. चिखलणी पुरुषांची, रोपाच्या मुठी वाहून आणायच्या पुरुषांनी, पण चिखलात ओळीने वाकून रोप लावायचं बायांनी. कोणी तसा नियम लिहून ठेवलेला नाही. पण पुरुष त्या रांगेत उभा राहिलेला मी कधी पाहिला नव्हता. वाडीत पाणी सगळ्यांत आधी आमच्या वरच्या खाचरांना मिळतं, म्हणून पहिली पाळी आमची. म्हणजे मी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी चार घरच्या बाया आमच्याकडे येणार होत्या, आणि त्यानंतरचे चार दिवस मी त्यांच्याकडे जायला हवं होतं.

माहेरी आईने पिशवी बघितली आणि कारण विचारलं. मी खरं सांगितलं. हीच माझी चूक. मारलं म्हणून सांगितलं असतं तर तिने कवटाळलं असतं.

"फोटूपायी?" आई म्हणाली. "आवणात घर टाकून आलीस? लोक शेण घालतील तोंडात. तुज्या बापानं मला आजपतूर नावानं हाक मारली न्हाई. मी गेले का कुटं?"

"जायला पायजे व्हतंस," मी म्हटलं.

तिने माझ्याशी बोलणं टाकलं. वहिनीला मात्र आनंद झाला, त्यांच्याकडे लावणी सुरू होती आणि आयती एक बाई मिळाली होती. म्हणजे नवऱ्याच्या चिखलातून उठले आणि भावाच्या चिखलात जाऊन वाकले. बाई रुसून जाते तीही एका कामावरून दुसऱ्या कामावर.

नवऱ्याचे फोन आले. पहिल्या दिवशी विचारलं, "मोठं पातेलं कुटं ठेवलंय? बायांना च्या करायचाय." दुसऱ्या दिवशी पहाटेच विचारलं, "इंद्रायणीचं रोप आधी उपटायचं का कोलमचं?" मी नीट उत्तरं दिली. पातेल्याने आणि रोपाने माझं काही घोडं मारलं नव्हतं. प्रत्येक वेळी तो फोन ठेवायच्या आधी क्षणभर थांबायचा आणि मी मूर्खासारखी फोन कानाला घट्ट धरून उभी राहायचे. मग तो ठेवायचा.

चौथ्या दिवशी जावेचा फोन आला. तिला हसू आवरत नव्हतं.

"अगं, तुजा नवरा कुटं उभा हाय म्हाईत हाय का? आमच्या रांगंत. तुज्या जाग्यावर. कालपासनं. हात लई हळू चालतोय, आमी पार बांधापतूर पोचलो तरी ह्यो आपला मधीच. रोप बी तिरपं लावतुया. सगळी वाडी बघून गेली."

"कशापायी?"

"कशापायी म्हंजी? सावड फेडाय."

दोन दिवसांत ही बातमी कोळवणपर्यंत आली. जीपमधून उतरणारा प्रत्येक माणूस माझ्या आईला सांगायचा की जावई बायकोच्या जागी चिखलात उभा राहिला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती माझ्याशी बोलायला लागली. "बग, किती जीव हाय तुज्यावर. तोंडानं बोलंना का. असा नवरा शोधून मिळायचा न्हाई." शेजारच्या म्हातारीने तर माझी दृष्ट काढायला सांगितली. वहिनी भावाकडे बघून म्हणाली, "शिका जरा."

आता मला काय राग आला, ते मी इथे शांतपणे लिहायचा प्रयत्न करते, पण जमेलसं वाटत नाही. एकवीस आवणं मी त्या रांगेत वाकले. लग्नाची हळद गेली नव्हती तेव्हा वाकले. पोरगी सातव्या महिन्यात पोटात होती तेव्हा वाकले. ताप असताना, पाळी असताना, अंगावर प्लास्टिकचा कागद आणि पायांना चिखल्या झालेल्या असताना वाकले. संध्याकाळी घरी येऊन त्याच हातांनी भाकऱ्या थापल्या. कोणी एकाने तरी, गावातल्या, जीपमधल्या, माझ्या पोटच्या पोरीने, कधी म्हटलं का, की बघा, हिचा नवऱ्यावर किती जीव आहे? माझ्या एकवीस वर्षांना आवण म्हणतात. त्याच्या चार दिवसांना प्रेम म्हणतात. आणि माझी दृष्ट काढतात, म्हणजे त्याने जे केलं तेही माझंच नशीब.

आणखी एक सांगते, नाहीतर मी खोटी ठरेन. जावेने फोनवर सांगितलं तेव्हा मीही हलले होते. तो वाकलेला, बायांच्या हसण्यात मान खाली घालून तिरपं रोप लावणारा मला दिसला आणि क्षणभर वाटलं, उठावं आणि जावं. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. इतकी स्वस्त आहे का मी? वाक्य मागितलं होतं, ते दिलं नाही, आणि जे मागितलं नव्हतं ते बघून मी विरघळतेय.

आठव्या दिवशी तो आला. दुपार होती, पावसाची बुरंगट चालली होती. मी भावाच्या खालच्या खाचरात लावत होते, आई आणि वहिनी पलीकडच्या टोकाला. त्याने गाडी रस्त्याला लावली आणि बांधावरून चालत आला. चाल बघूनच मला कळलं, कंबर धरली आहे. तो असा चालत होता जसं कोणी पाठीला फळी बांधलीय. बांधावर बसायला गेला तर आधी गुडघा टेकला, मग हात, मग बसला. आई लांबूनच म्हणाली, "पाव्हणं, घरी चला, च्या घ्या." तो म्हणाला, "बसतो हितंच." मी मान वर केली नाही. रोप लावत राहिले.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "आपलं खालचं खाचर तेवढं ऱ्हायलंय."

मी पुढची ओळ धरली.

"पाणी बी हाय दोन दिस."

मग मीच विचारलं, कारण ते विचारल्याशिवाय मला जगता आलं नसतं. "रांगेत कशाला उभं ऱ्हायलात? माज्यासाठी?"

मला उत्तर ठाऊक होतं. तरी त्या दिवशी तो खोटं बोलला असता, 'व्हय' म्हणाला असता, तर मी ते खोटं ओळखलं असतं आणि तरीही पिशवी उचलली असती. एवढी मी तयार होते. पण खोटं बोलणं त्याच्या अंगात नाही.

"सावड व्हती," तो म्हणाला. "फेडाय नको?"

मी पुढची मूठ सोडवली. आई तिकडून टक लावून बघत होती. तिला वाटत असणार, आता दिलजमाई होतेय.

तो हाताचे पंजे उलटेपालटे करून बघत होता. बोटं फुगून पांढरी पडली होती, नखांच्या कडा चिरल्या होत्या. ते हात मला नवीन नव्हते. दर आषाढात माझ्या मनगटांना तेच हात येतात.

"कंबरंत लई कळ येती गं," तो म्हणाला. "एकदा वाकलं का सरळ व्हताच येत न्हाई. रातच्याला कूस बदलता येत न्हाई. एवढं दुकतं व्हय ह्ये? तू कदी बोलली न्हाईस."

मी सरळ उभी राहिले. हातातून चिखल गळत होता.

"बोलले," मी म्हटलं. "पैल्या आवणात बोलले. तवा तुमी म्हणला, सवय व्हईल. पोरगी पोटात व्हती तवा बोलले. तवा म्हणला, मुठी आणून ठेवतो, तेवढी रांग वडून घे. मागल्या साली डॉक्टरकडं चला म्हणले. तवा म्हणला, भात कापल्यावर जाऊ. भात कापलं, झोडलं, भरडलं. दर साली बोलले मी. तुमच्या शेजारी उभं ऱ्हाऊन बोलले."

वहिनीचे हात थांबले होते. मला पर्वा नव्हती.

तो चिखलाकडे बघत बसला. खोटं काहीतरी शोधतोय असं वाटलं नाही. एकवीस वर्षं मागे जाऊन बघत असावा, आणि तिथे त्याला काही सापडत नसावं.

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बोलली असशील. पर मला कदी ऐकूच आलं न्हाई. एकदा बी न्हाई."

ते वाक्य मी उलटसुलट करून पाहिलं. त्यात पातेलं नव्हतं, रोप नव्हतं, पेंड नव्हती. ते माझ्याशी होतं आणि माझ्याबद्दल होतं. एकवीस वर्षं मी त्या एका वाक्याची किती रूपं मनात रचली होती. तू बरी दिसतेस. तुझ्यावाचून घर खायला उठतं. नुसतं माझं नाव, तेही चाललं असतं. आणि आलं ते हे. मी इतकी वर्षं ज्याच्या कानाशी बोलत होते, तिथे माझा आवाज पोहोचलाच नव्हता, ही माझ्या नवऱ्याने माझ्याशी केलेली पहिली प्रेमाची गोष्ट. मला तो हातातला चिखल त्याच्या तोंडावर मारावासा वाटला. तो बिचारा समोर बसला होता, खरं बोलून.

पण अट माझीच होती, आणि गोड वाक्य हवं असं मी म्हटलं नव्हतं. मी पाटात हात-पाय धुतले, घरी जाऊन पिशवी घेतली आणि गाडीवर मागे बसले.

आई सगळ्यांना सांगते, जावयाने मनवलं आणि पोरीचा राग गेला. गेलाबिला काही नाही. मी तो बरोबर घेऊन आले आणि तो घरात आमच्याबरोबरच राहतो. डॉक्टरकडे मी त्याच आठवड्यात गेले, एकटी. रिसॉर्टमधला फोटो अजून आहे तिथेच, राजहंसही चालू आहेत.

यंदाच्या आवणात मी एक गोष्ट बदलली. कंबरेत कळ आली की मी रांगेत सरळ उभी राहते, मूठ खाली टाकते आणि बांधावरच्या नवऱ्याला हाक मारते. पाचही घरच्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "माजी कंबर दुकतीया." बाया हसतात, हसू देत. तो मान वर करून 'व्हय, ऐकलं' म्हणेपर्यंत मी परत वाकत नाही.